नऊ दिवस रसद नाही, वाटेत दोन खिंडी: गॅस न्यावा की रॉकेल? आणि मुक्कामांच्या उंचीचं गणित बरोबर आहे का?

रिकामी_सॅक:

चौघांचा गट आहे. खेचरं नाहीत, हमाल नाहीत, सगळं पाठीवर. एकूण चाल १८ दिवसांची, पण अडचण मधल्या टप्प्याची आहे. शेवटची वस्ती २,९०० मीटरवर. तिथून पुढची वस्ती यायला नऊ दिवस, आणि मध्ये ५,२५० आणि ४,९५० मीटरच्या दोन खिंडी. झोपायच्या उंचीचा आराखडा असा:

रात्र १: ३,५००
रात्र २: ४,२००
रात्र ३: ४,२०० (विश्रांती)
रात्र ४: ४,८००
दिवस ५: पहिली खिंड, पलीकडे ४,३००
रात्र ६: ४,१००
रात्र ७: ४,४५०
दिवस ८: दुसरी खिंड, ३,७०० पर्यंत उतार
दिवस ९: वस्ती

दोन्ही खिंडींच्या पायथ्याला वाहतं पाणी नाही, बर्फ वितळवावं लागणार. गॅसचे २३० ग्रॅमचे सहा डबे धरलेत. अन्न माणशी रोज ९०० ग्रॅम. पहिल्या दिवशी सॅक २६ किलोच्या आसपास भरतेय.

प्रश्न तीन: आराखडा चालेल का, गॅस पुरेल का, वजन कुठे कमी करता येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिसरी_रात्र:

इंधनाचं नंतर बघू, आधी आराखडा बदला.

३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे त्याच उंचीवर काढायची, हा सर्वसाधारण नियम. तुम्ही २,९०० वरून ४,२०० वर दोन रात्रींत जाताय. विश्रांती ठेवलीय ती त्यानंतर, म्हणजे डोकं ठणकायला लागल्यावर. ती उडीच्या आधी हवी.

असं करून बघा: ३,४०० / ३,८०० / ३,८०० / ४,२५० / ४,६५० आणि सहाव्या दिवशी खिंड. एकच दिवस वाढतो. ४,६५० वरून खिंडीला ६०० मीटर चढ राहतो, पण तो दिवसाचा चढ, झोपायचा नाही. पहाटे तीनला निघालात तर कडक बर्फावरून होऊन जातो. उन्हं चढली की तेच बर्फ मऊ होतं, मांडीपर्यंत पाय रुततो आणि तासाचं अंतर तीन तास खातं. त्यामुळे परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, अकरा म्हणजे अकरा.

३,८०० वरची दुसरी रात्र ही तंबूत लोळायची रात्र नाही. त्या दिवशी निम्मं सामान ४,२५० ला नेऊन ठेवा आणि झोपायला खाली या. विरळ हवेची सवयही होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावर सॅक निम्मी असते. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या एका फेरीत आहे. चौघे आणि २६ किलो असताना ही फेरी टाळणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. दोन खिंडींच्या मधला भाग वाटीसारखा आहे. त्यात सगळ्यात खालची जागा ४,१००, आणि बाहेर पडायचं तर दोन्हीकडे चढच. आजाऱ्याला खाली उतरवा हा उपाय तिथे उपलब्धच नाही. म्हणून निर्णय ४,६५० च्या मुक्कामावर घ्यायचा, खिंडीत नाही. तिथपर्यंत रोज संध्याकाळी चौघांचे गुण कागदावर लिहा. लेक लुईस पद्धतीत डोकेदुखी, मळमळ-उलटी, थकवा, गरगरणं यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी धरून बेरीज ३ किंवा जास्त झाली की तो विरळ हवेचा त्रास समजायचा. (झोप न लागण्याचा निकष २०१८ च्या सुधारणेत काढून टाकला, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच उडते.) सकाळी बेरीज उतरली नसेल तर तो माणूस खिंड ओलांडत नाही, आणि एक जण ओलांडत नाही म्हणजे चौघेही नाही.

कडू_गोळी:

वरच्या प्रतिसादाला +१. औषधांपुरतं लिहितो. मात्रा निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरकडून ठरवून घ्या, खास करून सल्फाची ॲलर्जी असेल तर.

ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स): प्रतिबंधासाठी १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. त्रास सुरू झाल्यावर २५० मिग्रॅ दोनदा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. दोन्ही अपेक्षित, घाबरू नका. ही गोळी लक्षणं झाकत नाही, शरीराला सवय व्हायचा वेग वाढवते. पण ती घेतली म्हणून ७०० मीटरची उडी मारायची मुभा मिळत नाही.

डेक्सामेथासोन: मेंदूला सूज आल्याची शंका असेल तर आधी ८ मिग्रॅ, मग दर सहा तासांनी ४ मिग्रॅ. ओळखायची सोपी रीत म्हणजे जमिनीवर सरळ रेघ मारून टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. तोल गेला तर वाट बघायची नाही. हे औषध बरं वाटायला लावतं, म्हणून ते घेऊन वर चढायचं नाही, फक्त उतरायचं.

निफेडिपिन: फुप्फुसात पाणी झालं तर, हळू विरघळणारी ३० मिग्रॅची गोळी दर बारा तासांनी. खूण एकच लक्षात ठेवा, बसल्या जागी लागणारी धाप आणि खोकला. चालताना धाप सगळ्यांनाच लागते.

तिन्ही त्रासांत पहिला उपाय उतरणं हाच. ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर बहुतेकदा फरक दिसतो.

पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) न्या, पण थंड बोटावरचा आकडा खरा धरू नका. हात पाच मिनिटं काखेत गरम करून मग लावा. आणि झोपेत श्वास दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, ते शेजारच्याला भीतीदायक वाटतं. उंचीवर ते सर्रास होतं, तेवढ्यावरून कुणाला आजारी ठरवू नका.

काकडा_आणि_स्पिरिट:

सहा डबे? निम्म्यालाही पुरत नाहीत. हिशोब मांडतो, आता दहा दिवस धरून.

वाहतं पाणी असेल तिथे स्वयंपाक आणि पिण्याचं गरम पाणी मिळून माणशी रोज साधारण ८० मिली रॉकेल लागतं. बर्फ वितळवायचं असेल तर १७०. फरक एवढा मोठा का, तर शून्य अंशाचं एक किलो बर्फ नुसतं वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी ८० अंशांनी तापतं. म्हणजे पाणी हातात येईपर्यंतच एका उकळीइतकं इंधन गेलेलं असतं.

आठ दिवस × ८० × ४ = २.५६ लिटर
दोन दिवस × १७० × ४ = १.३६ लिटर
राखीव दोन दिवस (एक साधा, एक बर्फाचा) = १ लिटर

एकूण ४.९, धरा पाच लिटर. वजन चार किलो, बाटल्यांचं वेगळं. तेवढीच उष्णता गॅसमधून काढायची तर २३० ग्रॅमचे पंधरा-सोळा डबे. भरलेला डबा साधारण ३८० ग्रॅमचा, म्हणजे सहा किलो, आणि शेवटी रिकामे डबे परत वाहून आणायचे ते वेगळेच.

म्हणून या टप्प्याला रॉकेल. पण त्याचे लाड करावे लागतात. बर्नर पुरता तापल्याशिवाय पंप मारला की द्रवच बाहेर येतं, पिवळी ज्योत, काजळी आणि तंबूला आग. काकडा (बर्नर तापवायला पेटवायची जाड वात) स्पिरिटमध्ये भिजवून लावा, स्पिरिट संपत आलं की मगच चावी हळू उघडा. थंडीत एकदा तापवून पुरत नाही, दुसऱ्यांदा काकडा लावावा लागतो. दहा दिवसांना सुमारे ३०० मिली स्पिरिट धरा.

सुट्या भागांत निपल (रॉकेलची वाफ बाहेर येते ते बारीक भोक), ते साफ करायची पिन, पंपाचं चामडी वायसर (चकती) आणि बाटलीच्या तोंडाची रबरी रिंग हवीच. यांतलं सगळ्यात आधी दगा देतं ते वायसर. थंडीत सुकून आकसतं आणि पंप हवाच धरत नाही, दांडा सैल खालीवर होत राहतो. काढून खाण्याच्या तेलाचे दोन थेंब लावायचे, कडा बोटाने बाहेर ताणायच्या, परत बसवायचं. हे घरी दोनदा करून बघा, कारण वर ते हातमोजे काढून करावं लागतं. रॉकेल दुकानातून घेतल्यावर दाट सुती कापडातून गाळा, निपल तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा कचराच असतो.

बर्फ वितळवताना भांड्यात आधी कपभर पाणी ठेवा. कोरडं भुसभुशीत बर्फ टाकलं तर मध्ये पोकळी होते, तळ जळतो आणि त्या पाण्याला करपल्याचा वास रात्रभर राहतो. ताज्या बर्फापेक्षा जुनं, कडक बर्फ खोदून घ्या, त्याच भांड्यात जास्त पाणी निघतं.

आणि ४,२५० वर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. कच्च्या डाळी, कडधान्यं यादीत असतील तर काढा, नाहीतर छोटा प्रेशर कुकर घ्या. चौघांना दहा दिवस असतील तर त्याचं वजन इंधनात वसूल होतं. दोघांना नाही.

निळी_ज्योत:

हिशोब मान्य, पण "उंचीवर गॅस चालत नाही" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो: उंचीवर चालतो, थंडीत चालत नाही. डब्यातल्या वायूंपैकी साधा ब्यूटेन समुद्रसपाटीला उणे अर्ध्या अंशाला वायुरूप होतो, आयसोब्यूटेन उणे १२ ला, प्रोपेन उणे ४२ ला. ५,००० मीटरवर हवेचा दाब जवळपास निम्मा, त्यामुळे हे आकडे आणखी खाली जातात, आयसोब्यूटेनचा उणे २७ च्या आसपास. उंची इथे मदतच करते.

डबा मरतो तो दोन कारणांनी. वायू होताना आतला द्रव स्वतःच गार पडतो. आणि मिश्रणातला प्रोपेन आधी निघून जातो, म्हणून अर्धा संपलेला डबा नव्या डब्यापेक्षा खूप आधी मान टाकतो. उपाय: रात्री डबा झोपेच्या पिशवीत, सकाळी कोमट पाण्याच्या ताटलीत उभा. ज्योतीने तापवायचा नाही, कधीच नाही.

माझं मत: मुख्य इंधन रॉकेल, सोबत दोन गॅसचे डबे आणि हातात मावणारा बर्नर. खिंडीच्या पहाटे तीन वाजता काकडा पेटवत बसायची कुणाला हौस नसते, आणि रॉकेलचा स्टोव्ह बंद पडला तर तोच आधार. मात्र हे दोन डबे विमानात चालत नाहीत, पोहोचल्यावर विकत घ्यायचे.

दोन्ही बाबतींत, तंबू बंद करून आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ. उंचीवर ती विरळ हवेच्या नावावर खपून जातात.

रिकामी_सॅक:

सगळ्यांचे आभार, डोळे उघडले. आराखडा बदलतोय: ३,४०० / ३,८०० / ३,८०० / ४,२५० / ४,६५०. इंधन पाच लिटर रॉकेल + दोन डबे. दोन शंका राहिल्या. ४,२५० ला सामान सोडून यायचं तर काय सोडायचं? आणि दिवस वाढल्याने अन्न वाढलं, मग वजन कमी झालं कुठे?

तिसरी_रात्र:

सोडायचं ते: पुढच्या सहा दिवसांचं अन्न, रॉकेल, दोर, खिंडीपलीकडचं सामान. सोबत ठेवायचं ते: तंबू, झोपेच्या पिशव्या, औषधं, एक स्टोव्ह, एका दिवसाचं जादा अन्न. हवा बिघडून वर जाता आलं नाही तर खाली अडकून राहता आलं पाहिजे. उंदीर आणि कावळे नायलॉनची पिशवी सहज फोडतात, त्यामुळे अन्न घट्ट झाकणाच्या डब्यांत, वर दगड. रॉकेल अन्नापासून वेगळं आणि उताराच्या बाजूला. जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि शेजारी उंच काठी रोवा, रात्रीत हातभर बर्फ पडलं तर दगडांचे ढीग सगळे सारखेच दिसतात.

अन्नाचं: ९०० वरून ८५० ग्रॅमवर आलात तरी चालेल, फक्त दर ग्रॅममागे साडेचार ते पाच उष्मांक बसले पाहिजेत. तेल, तूप, दाणे, सुकामेवा वाढवला की बसतात, नुसत्या धान्यावर नाही. दहा दिवसांचं ८.५ किलो आणि राखीव दोन दिवसांचं अर्ध्या मापाने साधारण १ किलो. म्हणजे पहिल्या दिवशी सॅक कमी होत नाही, दीडेक किलो वाढेलच. ४,२५० च्या चढाला मात्र ती निम्मी असते, आणि तोवर तीन दिवसांचं अन्न पोटात गेलेलं असतं. बाकी वजन कपड्यांतून काढा: चालायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, बस्स.

काकडा_आणि_स्पिरिट:

अजून एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. हिमनदीच्या ओढ्यांना पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं आणि दुपारनंतर वाढत जातं. तुमच्या वाटीतला ओढा सहाव्या दिवशी दुपारी लागेल असं दिसतंय, खिंड उतरून थकलेले असताना. गुडघ्याच्या वर आणि जोरात वाहत असेल तर अलीकडेच तंबू टाका आणि पहाटे पार करा. ओलांडताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडलेले, बूट पायातच, मोजे मात्र काढून सॅकमध्ये.

पाणी गाळायचा फिल्टर पोकळ तंतूंचा असेल तर तोही रात्री झोपेच्या पिशवीत घ्या. एकदा आत गोठला की तंतू फुटतात, बाहेरून काही कळत नाही आणि तो न गाळताच पाणी देत राहतो. शंका आली तर फेकायचा नाही, पण भरवसाही ठेवायचा नाही. पाणी उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळू द्यायचं. तेवढं रॉकेल पाच लिटरांत बसतं.