बाबांची जनता: डायल नवं करू का डाग तसाच ठेवू?

कोराडीवाला
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, चूकभूल माफ करा. बाबा १९७९ मध्ये कोराडी पॉवर हाउसला लागले तेव्हा पहिल्या पगारात एचएमटी कंपनीची जनता, म्हणजे मनगटी घड्याळ, घेतली होती, चावीची, पांढरं डायल आणि त्यावर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. पंधरा-वीस वर्षं कपाटात पडून होती, दिवाळीच्या साफसफाईत सापडली. चावी दिली तर लगेच चालू झाली, पण दिवसाला पंधरा मिनिटं पुढे पळते. डायल पार पिवळं पडलंय, चार आणि पाचच्या मधात चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग आहे आणि कडेला बारीक बारीक ठिपके. काच तर इतकी खरवडलीय की नीट दिसतच नाही. नागपुरात बर्डीच्या बाजारात एकाला दाखवली, तो म्हणे चारशे रुपयात डायल एकदम नवं करून देतो, ओळखूच येणार नाही. घरात दोन पार्ट्या पडल्यात, बायको म्हणते करून टाका, मला मात्र तो डाग बरा वाटतो. काय करू?

चावीचं वेड
भाऊ थांब, चारशे रुपयात ओळखू येणार नाही असं तो म्हणाला तेच तर खरं दुखणं आहे. 'नवं' करतात म्हणजे काय करतात? थिनरने जुना रंग काढतात, खाली पितळेची चकती राहते, तिच्यावर नवा स्प्रे आणि वरून छाप्याने नवी अक्षरं. तो छापा कधीच मूळच्यासारखा बारीक येत नाही. अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा एका बाजूला सरकतात, डायलवर 'पॅराशॉक' (धक्का सोसणारं) लिहिलेलं असतं, त्यातली अक्षरं एकमेकांना चिकटतात. भिंगातून बघशील तर शाई फुगल्यासारखी दिसते. ऑनलाइन जी चकाचक जनता आणि पायलट (एचएमटीचंच दुसरं मॉडेल) मिळतात, हिरवं डायल, केशरी डायल, त्यातली अर्धी घड्याळं कंपनीने कधी काढलीच नव्हती. कंपनीच बंद झालीय, २०१६ च्या जानेवारीत सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, म्हणजे मूळ छापलेलं डायल आता परत कोणी देणार नाही. एकदा पुसलं की गेलं.

पंधरा मिनिटं पुढे पळतंय ते वेगळं प्रकरण आहे, मशीन खराब असेलच असं नाही. बहुतेक हेअरस्प्रिंगची (घड्याळाची चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) वेटोळी एकमेकांना चिकटली असतील, एक तर जुनं तेल तिच्यावर आलं असेल नाहीतर चुंबकत्व लागलं असेल. होकायंत्राजवळ घड्याळ नेऊन बघ, सुई थरथरली तर चुंबकच. ते उतरवायला कारागिराकडे छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. झाकण उघडलं की मशीनवर ०२३१ लिहिलंय का ते बघून घे, जनताचं ते मशीन आहे, सतरा ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला १८,००० ठोके.

महालची ताई
मी थोडं वेगळं बोलते, रागावू नका. माझ्या सासऱ्यांच्या घड्याळाचं डायल मी नवं करून घेतलं, कारण त्यांना ते रोज हातात घालायचं होतं आणि काळपट डायलवर काटेच दिसत नव्हते. ते खूश आहेत. तुम्ही लोक ओरिजनल ओरिजनल करता पण ज्याचं घड्याळ आहे त्याला विचारलं का? कोराडीवाला भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये तुमचं मत आहे, वहिनींचं आहे, बर्डीवाल्याचं आहे, बाबांचं कुठेच नाही.

चावीचं वेड
ताई बरोबर आहे, रोज घालायचं असेल तर गोष्ट वेगळी. तरी मी म्हणेन दुसरी एखादी साधी जनता घालायला द्या, ही ठेवा.

इतवारीचा जुना गडी
डायल का सडतं ते कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. पितळेवर रंग, रंगावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ थर, अशी रचना असते. चावीच्या भोकातून नाहीतर झाकणाच्या वॉशरमधून ओल आत गेली की लॅकर पिवळं पडतं, तडकतं, आणि खालचं पितळ रंगाला ढकलून वर येतं, तेच ते ठिपके. आपल्या नागपुरात लोक म्हणतात इथे कोरडं आहे, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, ओल कुठली. अरे पण चार महिने घरात कूलर चालतो ना! गवताच्या ताट्या भिजवून दिवसरात्र ओली हवा खोलीत फेकतो आणि घड्याळ त्याच खोलीतल्या कपाटात. वरून जुलैत पाऊस. कूलरच्या खोलीत घड्याळं ठेवू नका, डबीत सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यातली चालते.

आता माझा मूर्खपणा ऐका. फेवर ल्यूबा या स्विस कंपनीचं एक सी चीफ घड्याळ मिळालं होतं, छान मधासारखं झालेलं डायल. मला वाटलं वरची धूळ तेवढी काढू. ओल्या कापसाने एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरवलं. 'ल्यूबा' कापसावर आलं. छापलेली अक्षरं लॅकरच्या वर असतात हो, खाली नाही. आता डायलवर नुसतं 'फेवर' आहे. तेव्हा डायलला पाणी, थुंकी, खोडरबर काही लावायचं नाही, फार तर रबरी फुग्याने हवा मारायची.

अजून एक, जनताला लागू नाही पण कोणाकडे १९६० च्या आधीचं स्विस घड्याळ असेल, आकड्यांवर तपकिरी जाड मलम असेल, तर ते बहुधा रेडियम. अंधारात चमकत नाही म्हणून मेलं असं समजू नका, चमकणारा पदार्थ संपतो, रेडियमला अर्धं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. खरवडायचं नाही, घरात उघडायचं नाही, त्याची पूड नाकात गेलेली वाईट.

कोराडीवाला
तीन आठवड्यांनी येऊन राहिलो, सॉरी. ताई, तुमचं वाचून खजील झालो, त्याच रात्री बाबांना विचारलं. कूलरचं काका तुमचं खरं असेल पण हा डाग कूलरचा नाही! क्वार्टरमध्ये असताना घड्याळ चोरीला जाईल या भीतीने बाबा आंघोळीलासुद्धा काढत नव्हते, सात-आठ वर्षं बादलीभर पाणी रोज त्याच्यावर. मी म्हटलं डायल नवं करू का, तर म्हणे डायलला काय झालं, काच बदल बे, मला पाच वाजलेले दिसत नाहीत.

मग बर्डीवाल्याला सोडून महालातल्या एका म्हाताऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून माझ्यासमोरच झाकण काढलं, ०२३१ च निघालं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या, एकात ८४ स्पष्ट वाचता येतं. काका म्हणाले आधीच्या कारागिरांच्या सर्व्हिसच्या खुणा आहेत, आणि स्वतःची चौथी कोरली. होकायंत्राची सुई हलली नव्हती, तेलच निघालं, स्प्रिंगची दोन वेटोळी चिकटून बसलेली. सगळं खोलून धुतलं, नवं तेल, नवी प्लास्टिकची काच, नवा वॉशर. डायलला हात नाही लावला.

आता दिवसाला दोन मिनिटं पुढे जाते. काका म्हणाले अजून कमी करून देतो, बाबा म्हणाले राहू द्या, बस पकडायला बरं.