मदत हवी आहे : मुलगी म्हणते मला एडीएचडी आहे

अस्वस्थ_आई
प्लीज लवकर सांगा कुणीतरी. दोन महिने झाले मुलीने धरून ठेवलंय की तिला एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) आहे, आणि परवापासून ऑटिझमपण. रील्स बघून सगळी लक्षणं पाठ झालीयेत, ऑनलाइन टेस्ट देऊन स्कोअर आणून दाखवला. मी म्हटलं असं काही नसतं, अभ्यासाला बस, तर तेव्हापासून जेवायला येते पण बोलत नाही. डॉक्टरकडे नेलं तर तिच्या डोक्यात पक्कंच बसेल ना?

खिडकी
वय किती? आत्ताच सुरू झालं की लहानपणापासून असं आहे? शाळेत काय म्हणतात? झोप?

स्पष्टबोल्या
आधी मोबाइल काढून घ्या. आमच्याकडे काढला, महिन्याभरात पोरगा ताळ्यावर आला.

उशिरा_कळलं
@स्पष्टबोल्या तुमच्या मुलाला नसेल, म्हणून हिलाही नाही असं कसं? मला ३४व्या वर्षी निदान झालं. वर्गात दंगा करणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणालाच दिसत नाही. घरी "आळशी" हेच ऐकलं. ताई, "असं काही नसतं" हे परत म्हणू नका, कळकळीने सांगतेय.

स्पष्टबोल्या
मग काय हो म्हणायचं? रील्समधली लक्षणं कुणालाही लागू होतात. वस्तू विसरणं, कंटाळा येणं, कुणाला होत नाही?

खिडकी
हो पण म्हणू नका आणि नाही पण. "कशाचा त्रास होतो ते सांग" एवढंच विचारा. ताई, वय राहिलं.

अस्वस्थ_आई
१५. लहानपणी शांत होती, काही त्रास नाही. दरवर्षी बाई लिहायच्या हुशार आहे पण लक्ष नसतं, ते तर सगळ्यांनाच लिहितात.

पाटीपेन्सिल
ते सगळ्यांना लिहीत नाहीत. मी मुलांच्या समुपदेशनात काम करते. डीएसएम-५ (डॉक्टर मानसिक निदानासाठी वापरतात ते अमेरिकन पुस्तक) नुसार एडीएचडीसाठी लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची ९ पैकी ६ लक्षणं (१७ वर्षांपासून पुढे ५) कमीत कमी ६ महिने हवीत, त्यातली अनेक १२ वर्षांच्या आधीपासून, घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी, आणि त्यामुळे रोजच्या गोष्टी अडायला हव्यात. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे कळत नाही, म्हणून तिचं लहानपण माहीत असलेल्या माणसाशी बोलतातच. कमी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइड यानेही लक्ष उडतं, ते बघायलाही डॉक्टर लागतातच. ऑनलाइन टेस्ट म्हणजे निदान नाही, पण तिने कुठल्या प्रश्नांना "हो" म्हटलंय ते शेजारी बसून वाचा.

दुपारची_झोप
माझ्या भाच्याला लस दिल्यावर ऑटिझम झाला, तेही विचारा डॉक्टरांना.

पाटीपेन्सिल
नाही हो, लसीने होत नाही. ज्या १९९८च्या रिसर्च पेपरमुळे हे पसरलं तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला. तो विषय वेगळा, इथे नको.

स्पष्टबोल्या
आणि लगेच गोळ्या चालू केल्या तर?

उशिरा_कळलं
निदान झालं म्हणजे गोळ्या असं नसतं, ते नंतर सगळ्यांनी बसून ठरवायचं. आत्ता ती बोलती होऊ दे.

अस्वस्थ_आई
काल रात्री तिच्या खोलीत जाऊन नुसतं विचारलं कशाचा त्रास होतो. बराच वेळ गप्प होती, मग वही काढून दिली. एक परिच्छेद चार-चार वेळा वाचते, तरी काय वाचलं ते कळत नाही, वर्गात आवाज वाढला की बाथरूममध्ये जाऊन बसते, हे रील्स बघायच्या आधीपासून लिहून ठेवलंय. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतलीये, जुनी प्रगतिपुस्तकं काढतेय, दुसरीचं सापडत नाहीये. चालेल ना?

पाटीपेन्सिल
चालेल. वही न्या, पण तिला विचारून.