थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: पैसे कधी पाठवायचे, आणि आंब्याला घरी येता येतं का?

देवगडकर: वय 62, पत्नी 58. वर्षभराच्या व्हिसावर राहायचा विचार आहे, पण आंब्याला आणि गणपतीला घरी यायचंच. 8 लाख बाट दाखवावे लागतात ते दोघांचे वेगळे का? मध्ये येऊन गेलं तर व्हिसा टिकतो का?

मांडवी किनारा: नॉन-ओ प्रकारचा व्हिसा घ्या. ओ-ए प्रकाराला 30 लाख बाटचा आरोग्य विमा लागतो. नॉन-ओवर 90 दिवस मिळतात, वर्षाची मुदतवाढ तिथल्या इमिग्रेशनमध्ये. तिची फी माणशी 1,900 बाट. घोळ होतो तो तारखांचा. 8 लाख बाट अर्जाआधी पूर्ण 2 महिने थाई बँकेत, तुमच्या एकट्याच्या नावावर हवेत. म्हणजे उतरल्यापासून महिन्याभरात खातं आणि रक्कम दोन्ही. मंजुरीनंतर 3 महिने त्याला हात लावायचा नाही, नंतरही 4 लाखांखाली जायचं नाही. पुढच्या अर्जाआधी 2 महिने परत 8. थोडक्यात निम्मे पैसे कायमचे अडकले असं धरा.

वहिनींना वेगळी रक्कम नको, तुमच्यावर अवलंबून म्हणून होतं. मात्र ग्रामपंचायतीचा मराठी विवाह दाखला तिथे कोण वाचणार? इंग्रजी भाषांतर आणि परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन इथूनच करून न्या.

खाडीपलीकडे: टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) विसरू नका. एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर 20 टक्के कापतात. अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये पाठवा.

मांडवी किनारा: सल्ला बरोबर, पण जपून. 10 मार्चला उतरलात तर 90 दिवस 7 जूनला संपतात. दुसरा हप्ता 2 एप्रिलला जमा झाला तर 2 महिने भरतात 2 जूनला. हाती उरले पाच दिवस, त्यात शनिवार-रविवार. टीसीएस रिटर्न भरल्यावर परत मिळतो, हुकलेला व्हिसा नाही मिळत.

गुहागरी: येण्याजाण्याचं: री-एन्ट्री परमिट न काढता देश सोडला की मुदतवाढ तिथेच संपली. एका फेरीचं 1,000 बाट, कितीही फेऱ्यांचं 3,800. आंबा आणि गणपती, दोनच फेऱ्या. एका फेरीची परमिटं दोन काढा. शिमगा धरूनही 3,000च. शिवाय सलग 90 दिवस राहिलात तर पत्ता कळवावा लागतो (टीएम 47), चुकलं तर 2,000 बाट दंड. परतल्यावर मोजणी नव्याने. घरमालकाने 24 तासांत टीएम 30 (परदेशी माणूस राहायला आल्याची इमिग्रेशनला सूचना) भरलाय का ते भाडेकरार करतानाच विचारा. त्याची पावती नसली तर मुदतवाढीच्या खिडकीवरून परत पाठवतात.

देवगडकर: म्हणजे मार्चमध्ये गेलो तर पहिल्या वर्षी हापूस गेला?

गुहागरी: सप्टेंबरात गणपती आटोपून निघा. डिसेंबरात मुदतवाढ होते, आंबा सापडतो.