शब्दचर्चा : ‘रान’, ‘पडीक’, ‘निसर्ग’, ‘नमुना’ – प्रश्नावलीत यातलं काय चालेल?

बाराबंदी : सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज-मोहोळ पट्ट्यातल्या माळांवर माणसं, जनावरं आणि वन्यजीव यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी छोटी मार्गदर्शिका करायची आहे. मुलं प्राणिशास्त्राची, समाजशास्त्राची, काही भूगोलाची. ‘इंटरडिसिप्लिनरी’ला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणावं की ‘आंतरशाखीय’? आणि गावात विचारायच्या प्रश्नांत ‘पडीक जमीन’, ‘नमुना’, ‘निसर्ग’ हे शब्द तसेच ठेवावेत का?

शब्दताळा : ‘आंतरविद्याशाखीय’च ठेवा. जीभ अडखळते खरी, पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधल्या चार विद्याशाखांपैकी एकीचं नावच ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ आहे. ‘आंतरशाखीय’ वाचून बँकेच्या दोन शाखा आठवतात.

‘बहुविद्याशाखीय’ मात्र वेगळं. एकानं पक्षी मोजले, दुसऱ्यानं मुलाखती घेतल्या आणि दोन्ही प्रकरणं एका पुठ्ठ्यात बांधली, की ते बहु-. ‘मेंढ्या जास्त चरतात त्या माळावर चंडोल कमी दिसतात का?’ हा प्रश्न आंतर-, कारण तो कोणा एकाला सुटत नाही. मग दोन्ही नोंदी त्याच तुकड्यावरच्या आणि त्याच हंगामातल्या हव्यात. इथंच घोटाळा होतो. पक्षी जानेवारीत मोजायचे आणि मेंढपाळांना जुलैत गाठायचं, तर तोवर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा मुक्काम, भलतीकडे गेलेला असतो.

कुसळी : खरा धोका ‘रान’ या शब्दात आहे. प्रमाण मराठीत रान म्हणजे जंगल, झाडी. आपल्याकडे रान म्हणजे शेत. ‘रानात आठवड्यातून किती वेळा जाता?’ असं विचारलं की उत्तर येणार, ‘रोज’. तक्त्यात मात्र ‘जंगलावर अवलंबित्व फार’ असं उतरतं. पुण्यात बसून केलेल्या प्रश्नावलीत ही चूक हमखास. वनखात्याच्या जागेला लोक ‘फॉरेस्ट’ म्हणतात, मोकळ्या गवताला ‘माळ’, गावाच्या सामायिक चराईला ‘गायरान’. तिन्ही वेगवेगळं विचारा.

‘निसर्ग’ही तसाच. ‘निसर्गाबद्दल काय वाटतं?’ यावर शेतकरी पावसाबद्दल बोलतो. ‘निसर्गानं साथ दिली नाही’ म्हणजे पाऊस पडला नाही. अहवालाच्या शीर्षकात निसर्ग राहू दे. प्रश्नात मात्र गवत, ओढा, हरण, लांडगा अशी नावं घ्या.

सातबारा : ‘पडीक’बद्दल. शेतकऱ्याच्या तोंडी ‘पड टाकलंय’ म्हणजे यंदा पेरलं नाही, पुढं पेरू. महसुली आकडेवारीत ‘चालू पड’, ‘इतर पड’, ‘लागवडीयोग्य पडीक’, ‘कायम कुरणे’ हे वेगळे रकाने आहेत, आणि सातबारावर ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, आणखी निराळं. विद्यार्थी या सगळ्याला एकच ‘पडीक’ लावतात आणि नकाशा बिघडतो.

त्याहून वाईट म्हणजे माळालाच पडीक म्हणणं. पडीक म्हटलं की ‘सुधारायला’ माणसं धावतात, झाडं लावतात. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला दूरवर दिसणं हवं असतं, आणि झाड झालं की शिकारी पक्ष्याला बसायला जागा मिळते. म्हणून मार्गदर्शिकेत ‘माळ’ किंवा ‘गवताळ माळ’ लिहा.

बाराबंदी : आणि ‘अभयारण्य’? मुलाखतीची सुरुवातच त्या शब्दानं आहे.

सातबारा : काढून टाका. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे साडेआठ हजार चौ. किमीचं, त्यात कितीतरी गावं आणि खासगी शेतं. पुढं ते घटवून सुमारे १,२२२ चौ. किमी केलं. पण अजूनही तो शब्द कानावर पडला की माणसाला जमिनीची खरेदी-विक्री आणि परवानग्या आठवतात. मग तो तोलून बोलतो. आधी गवत-पाण्याचं, जनावरांचं विचारा. अभयारण्याचे प्रश्न शेवटी. मात्र कशासाठी विचारतो आहोत हे संमती घेतानाच स्पष्ट सांगायचं. क्रम बदलणं वेगळं, लपवणं वेगळं.

शब्दताळा : ‘नमुना’ (सॅम्पल) अहवालात ठीक, गावात नको. ‘आम्ही नमुना घेणार’ म्हटलं की माती परीक्षणाची अर्धा किलोची पिशवी तरी आठवते, नाहीतर तलाठ्याचा ‘नमुना आठ अ’ हा खातेउतारा. (तिसरा अर्थ आपण एकमेकांना लावतोच.) सरळ सांगा : ‘गावातल्या दीडशे घरांतून तीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडली.’ काळविटांची ‘लोकसंख्या’ लिहू नका. ‘पॉप्युलेशन’ला ‘समष्टी’ संख्याशास्त्रात ठीक, एरवी ‘संख्या’ पुरते.

कुसळी : प्रश्नावली छापण्याआधी चार रकान्यांची शब्दवही करा : शब्द, प्राणिशास्त्रवाला काय समजतो, समाजशास्त्रवाला काय समजतो, गावात काय म्हणतात. मग पाच-सहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘हे काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. अडलेला प्रश्न बदलून पुन्हा नव्या माणसाला विचारा. अक्कलकोटकडे कन्नड प्रत लागेल. एकानं भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट मराठीत आणायचं. फरक तिथंच दिसतो.

दोन युक्त्या अजून. ‘वीस वर्षांपूर्वी हरणं किती होती?’ याचं उत्तर अंदाजपंचे येतं. ‘बहात्तरचा दुष्काळ’, ‘किल्लारीचा भूकंप’ (१९९३) अशा खुणेला धरून आधी की नंतर ते विचारा. आणि पक्ष्यांची चित्रं दाखवताना एक इथं नसलेला पक्षी, समजा महाधनेश, मध्ये टाका. तोही ‘हमेशा दिसतो’ म्हणणाऱ्याच्या बाकीच्या ओळखी जपून वापरा.

बाराबंदी : निष्कर्ष गावात सांगताना?

शब्दताळा : टक्के नकोत. ‘दहातल्या सहा घरांनी’ म्हणा. नकाशावर उत्तर दिशेपेक्षा देऊळ, ओढा, पाण्याची टाकी आधी दाखवा. एक पान पुरे, आणि ते अहवाल छापायला जाण्याआधी द्या, म्हणजे लोकांनी चूक काढली तर दुरुस्त करता येते. अंडी, पिल्लं कुठं दिसली ती नेमकी जागा मात्र त्या पानावर कधीच नको.

सातबारा : एक भर. ‘चराई करू देता का?’ हा प्रश्न शेतकऱ्याला विचारू नका. ‘रानात मेंढ्या बसवता का?’ विचारा. त्याच्या लेखी तो खताचा व्यवहार आहे, धान्य किंवा पैसे देऊन केलेला. आणि बघा, इथं ‘रान’च हवं.