मदत हवी आहे: मराठी सिनेमाला मराठीच सबटायटल्स

बाबांना फार कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण पार्श्वसंगीत सुरू झालं की संवाद बुडतात. इंग्रजी येत नाही, मराठी झरझर वाचतात. थिएटरात, ओटीटीवर मला इंग्रजीच सबटायटल्स मिळाली. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’सारखा (२००९) मिश्कील सिनेमा त्यांनी नुसता बघत बसायचा, हे बघवत नाही.

देवनागरी एसआरटी फाइल (सबटायटल्सची मजकूर-फाइल) स्वतः केली, यूटीएफ-८ या देवनागरी चालणाऱ्या एन्कोडिंगमध्येच सेव्ह केली. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये नीट दिसते. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला की अक्षरांऐवजी चौकोन. लॅपटॉप ऑफिसला न्यावा लागतो, त्यामुळे दिवसा तो एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडायचा उपाय चालत नाही.

जोडाक्षरांसकट देवनागरी सबटायटल्स नीट दाखवणारा टीव्ही बॉक्स कुणी वापरलाय का? आणि मराठी सबटायटल्सचे मराठी सिनेमे अधिकृतपणे कुठे मिळतात?