मदत हवी आहे : मोबाईल कंपनीवरची निष्ठा आणि निव्वळ सवय यांतला फरक प्रश्नावलीतून कसा ओळखावा?

नमस्कार.

मी एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला विपणन हा विषय शिकवते. यंदा तृतीय वर्षाच्या एका गटाने प्रकल्पासाठी 'लोक एखाद्या मोबाईल कंपनीचे निष्ठावान चाहते का होतात' हा विषय स्वतःहून निवडला आहे. प्रश्नावलीचा पहिला मसुदा तयार आहे, परंतु त्यात एक मूलभूत अडचण आहे. ती सोडवण्यासाठी इथल्या जाणकारांची आणि त्याहूनही अधिक, स्वतःला एखाद्या कंपनीचे चाहते म्हणवणाऱ्यांची मदत हवी आहे.

"पुढचा फोन याच कंपनीचा घ्याल का?" असे विचारले की 'हो' म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्या सर्वांचा 'हो' सारखा नसतो. एखाद्याला फोटो, संपर्क आणि बँकेची ॲप नव्या फोनवर नेण्याचा कंटाळा असतो. एखाद्याच्या गावात त्याच एका कंपनीचे सर्व्हिस सेंटर असते. अनेक ज्येष्ठांचा फोन तर मुलगा किंवा सून घेऊन देते आणि कंपनीचे नावही त्यांना सांगता येत नाही. या सगळ्यांत कुठेतरी असा एक जण असतो, की ज्याला कंपनीवर झालेली टीका स्वतःवर झाल्यासारखी वाटते, जो पैसे न घेता तिची बाजू मांडतो आणि ओळखीपाळखीच्यांना तोच फोन घ्यायला लावतो. विक्रीच्या आकड्यांत हे सगळे एकाच रकान्यात बसतात. आम्हाला मात्र शेवटचा माणूस शोधायचा आहे.

मुलांनी सुरुवात नोकियापासून केली, आणि ते योग्यच होते. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला, तो नोकियाच्याच हँडसेटवरून. 2003 साली आलेल्या 1100 या साध्या फोनला टॉर्च होती आणि धूळ आत जाऊ नये असा कीपॅड होता. वीज जाणाऱ्या गावांत त्या टॉर्चचे मोल काय होते, हे वेगळे सांगायला नको. जगभरात त्या फोनचे 25 कोटींहून अधिक नग विकले गेले. असे असूनही 2011 साली कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीची वाट धरली आणि एप्रिल 2014 मध्ये तिचा हँडसेटचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला. ज्या लोकांनी वर्षानुवर्षे दुसऱ्या कंपनीकडे पाहिले नाही, ते टचस्क्रीन येताच निघून गेले. मनातली आपुलकी मात्र राहिली, म्हणूनच 2017 मध्ये 3310 हा तिचा जुना फोन नव्याने आला तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली. मला असे वाटते, की नोकियाजवळ होता तो विश्वास होता, आणि तो वस्तूवर होता : पडला तरी फुटत नाही, एकदा चार्ज केला की काही दिवस चालतो. गरज बदलली तेव्हा त्या विश्वासाचा उपयोग उरला नाही. त्या ग्राहकांना एकमेकांशी बांधणारे असे काही नव्हते.

शाओमीचे उदाहरण याच्या अगदी उलट दिसते. 2010 मध्ये लेई जून यांनी ही कंपनी काढली, तेव्हा तिच्याजवळ विकायला फोनच नव्हता. ऑगस्टमध्ये तिने एमआययूआय हे अँड्रॉइड फोनवर चालणारे सॉफ्टवेअर सुमारे शंभर स्वयंसेवकांच्या हाती दिले, त्यांच्याकडून चुका मागवल्या आणि पुढे दर शुक्रवारी सुधारित आवृत्ती देण्याचा शिरस्ता पाडला. फोन बाजारात आला तो 2011 साली, म्हणजे चाहते आधी आणि वस्तू नंतर. भारतात जुलै 2014 मध्ये एमआय 3 हा फोन 13,999 रुपयांना फ्लिपकार्टवर फ्लॅश सेलमध्ये आला, तेव्हा आधी नोंदणी करायची आणि ठरलेल्या वेळी स्क्रीनसमोर बसायचे, असा प्रकार होता. वनप्लसने त्याच वर्षी आपला पहिला फोन निमंत्रणाशिवाय विकत मिळणार नाही असे ठरवले. मिळवण्यासाठी केलेली खटपट माणसाला त्या वस्तूशी बांधते, हे मानसशास्त्रात चांगले परिचित आहे. नॉर्टन, मोचोन आणि एरिएली या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी स्वतः जोडलेल्या खोक्याला आणि स्वतः घडी घातलेल्या कागदाच्या पक्ष्यांना इतरांपेक्षा जास्त किंमत दिली होती.

परंतु केवळ खटपट म्हणजे निष्ठा असेही म्हणता येत नाही, कारण चाहत्याच्या वागण्यात 'आपण' आणि 'ते' हा भेद ठळक असतो. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना, तुम्हाला क्ले हा चित्रकार आवडतो किंवा कँडिन्स्की हा चित्रकार आवडतो, एवढेच सांगून दोन गटांत विभागले होते. मुलांनी पैसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप दिलेच, पण कित्येकदा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजे, असा पर्याय निवडला. वर्गात हा प्रयोग सांगितल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅम, आमच्या ग्रुपमध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवरून रोज हेच चालतं." मला तिचे निरीक्षण फार मोलाचे वाटले, कारण फोनच्या गुणदोषांचा त्या भांडणाशी फारसा संबंध नसतो.

सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण सॅमसंगच्या नोट 7चे आहे. ऑगस्ट 2016 मध्ये तो आला, बॅटरी पेट घेऊ लागल्याने सप्टेंबरमध्ये परत मागवला गेला, बदली दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबले. तरीही काही ग्राहक तो परत करीनात, तेव्हा डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याचे चार्जिंगच बंद पाडणारे अपडेट पाठवावे लागले. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियात नव्या बॅटरीसह तोच फोन आला, तेव्हा त्याच्या नावातच 'फॅन एडिशन' होते. धोका ठाऊक असताना फोन हातातून न सोडणारा हा माणूस कंपनीशी निष्ठावान होता, की त्याला पेन असलेला मोठा फोन दुसरीकडे मिळत नव्हता? आमच्या प्रश्नावलीतून हे कसे कळावे?

माझा कयास असा आहे, की पुढे काय कराल हे विचारण्यापेक्षा मागे काय केले हे विचारावे. निष्ठेसाठी माणसाने काही गमावले किंवा काही विनामोबदला केले, तरच ती सवयीहून वेगळी दिसते. असे प्रश्न सुचवावेत, मात्र त्यांतून हवे ते उत्तर सूचित होऊ नये, एवढीच विनंती.

प्रतिसाद

मॅडम, तालुक्याच्या ठिकाणी माझे अनेक वर्षे मोबाईलचे दुकान होते, त्या अनुभवावरून लिहितो.

निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक कंपनी ठरवून येतच नाही. ते बजेट सांगते, हप्ता किती बसेल ते विचारते आणि मग "तुम्ही सांगाल तो" म्हणते. तेव्हा फोन कोणी निवडला हा प्रश्न आपण सर्वांत आधी ठेवावा, नाहीतर दुकानदाराची पसंती ग्राहकाची निष्ठा म्हणून मोजली जाईल.

खरे चाहते मी पाहिले ते ऑनलाइन सेलच्या काळात. आमच्या दुकानात ते फोन मिळतच नसत, पण ती मुले काच आणि कव्हर घ्यायला आवर्जून येत आणि फोन कसा मिळवला ते उभे राहून सांगत. त्यांतला एखादा पुढे मेव्हण्याला, मामाला तोच फोन घ्यायला लावी. माझे निरीक्षण असे, की निष्ठा तिथून पक्की होते. एकदा चार नातेवाइकांना आपल्या शब्दावर फोन घ्यायला लावला, की त्या फोनला नावे ठेवणे म्हणजे स्वतःच्या पारखीला नावे ठेवणे होते. मग फोन गरम झाला तरी तो "अपडेट आलं की ठीक होईल" असे म्हणतो. आपण शिफारस केलेल्या फोनबद्दल घरच्यांची तक्रार आली तेव्हा आपण काय उत्तर दिले, हे जरूर विचारावे.

प्रतिसाद

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या किशोरवयीन मुलांत आयफोनचा आग्रह फार आहे, पण त्याचे कारण मला निष्ठा वाटत नाही. ॲपलच्या संदेशसेवेत आयफोनवाल्यांना पाठवलेले आपले संदेश निळ्या आणि इतरांना पाठवलेले हिरव्या रंगात दिसतात, आणि गटातल्या गप्पांत आयफोन नसलेला एक जण आला की मुलांना ते खटकते. माझ्या मुलीने आयफोन मागितला तो मैत्रिणींपासून बाजूला पडू नये म्हणून. याउलट पुण्यातले आमचे सारे नातेवाईक व्हॉट्सॲपवर असल्यामुळे तिथे कोणाचा फोन कोणता आहे याने गप्पांना काही फरक पडत नाही. भारतातल्या उत्तरदात्यांकडून आलेली आयफोनची ओढ म्हणूनच वेगळी तपासायला हवी, तिच्यात प्रतिष्ठेचा भाग जास्त असू शकतो. 'सर्व मित्रांनी कंपनी बदलली तर आपण काय कराल' हा प्रश्न काल्पनिक असला तरी दबाव आणि आवड वेगळी करायला उपयोगी पडेल असे वाटते.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दुकानदारांनी मांडलेला शिफारशीचा मुद्दा आमच्या मसुद्यात अजिबात नव्हता, आणि तो मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांच्या 1957च्या सिद्धांताशी नेमका जुळतो : घेतलेला निर्णय आणि समोर आलेला पुरावा यांत विसंगती निर्माण झाली, की माणूस निर्णयाला धरून राहतो आणि पुराव्याचे वजन कमी करतो. त्याच सुमारास अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात नुकतीच मोटार घेतलेले लोक, आपण न निवडलेल्या मोटारींपेक्षा निवडलेल्या मोटारीच्याच जाहिराती अधिक वाचताना आढळले होते. त्यावरून आम्ही एक प्रश्न तयार केला आहे : "फोन विकत घेतल्यानंतर आपण त्याच फोनची परीक्षणे यूट्यूबवर पाहिली का?" घेण्यापूर्वी सगळेच पाहतात, पण घेतल्यावर पाहणारा माणूस बहुधा माहिती शोधत नसतो.

न्यू जर्सीच्या ताईंचा मुद्दाही पटला. 18 एप्रिल 2023 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचे दुकान उघडले, तेव्हा कंपनीचे प्रमुख टिम कुक स्वतः दारात उभे होते आणि एक चाहता आपला जुना मॅकिंटॉश संगणक घेऊन आला होता. तो संगणक जपून ठेवणाऱ्याची ओढ आणि हप्त्यावर पहिला आयफोन घेणाऱ्याची ओढ एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल, म्हणून ॲपलसाठी आम्ही 'या कंपनीची कोणती वस्तू आपण सर्वांत आधी वापरली आणि ती अजून आपल्याजवळ आहे का' हा प्रश्न स्वतंत्र ठेवत आहोत.

आता एकच बाजू रिकामी आहे. आमच्याजवळ टिकून राहिलेल्यांच्या मुलाखती आहेत, सोडून गेलेल्यांच्या नाहीत. ज्यांनी एखाद्या कंपनीची बाजू वर्षानुवर्षे मांडली आणि नंतर ती सोडली, अशांनी कृपया लिहावे : शेवटचे निमित्त काय घडले, त्यापूर्वी किती काळ मनात चलबिचल होती, आणि सोडल्यानंतर जुन्या कंपनीवर टीका ऐकताना आजही काही वाटते का. नाव आणि गाव लिहिण्याची गरज नाही. वय, फोन कोणी निवडला होता आणि तो पहिलाच स्मार्टफोन होता का, एवढे सांगितले तर मुलांना नोंद करणे सोपे जाईल.