५ एचपी कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा सुरू होताना ट्रिप होतो, टाकीही उशिरा भरते. पिस्टनच्या रिंगाच गेल्यात का?

रबाळे_फॅब

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन आणि स्प्रे पेंटिंगचा गाळा आहे. कॉम्प्रेसर ५ एचपी, टू-स्टेज (दोन सिलिंडरांत दोन टप्प्यांनी हवा दाबणारा), पट्ट्यावर चालणारा, टाकी २२० लिटरची, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा). पाटीवर डिस्प्लेसमेंट (पिस्टन फिरताना व्यापतो ती जागा) १८ सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट, आणि कमाल दाब १० बार लिहिलंय. प्रेशर स्विच ६ बारला चालू आणि ८ ला बंद असा लावलेला आहे.

त्रास असा: सकाळी रिकाम्या टाकीवर झकास सुरू होतो. ८ बारला बंद झाला की प्रेशर स्विचखालून फस्स आवाज येतो आणि तो थांबतच नाही. कोणी हवा वापरत नसतानाही काटा हळूहळू उतरतो. ६ ला परत चालू व्हायला गेला की मोटर घुरघुरते, पट्टा किंचाळतो आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) पडतो. टाकी रिकामी केली की पुन्हा सुरळीत. शिवाय टाकी भरायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो आणि पाऊस सुरू झाल्यापासून गनमधून पाणी येतंय. ऑइल २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल आहे.

मेकॅनिक म्हणतो रिंगा गेल्या, बोअर-पिस्टनचा पूर्ण किट टाका. खर्चाआधी काय तपासू?

हवापाणी_कळवा

किटचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. रिंगा गेल्यावर टाकी उशिरा भरते हे खरं, पण मशीन बंद असताना टाकीतली हवा उलटी बाहेर येण्याशी रिंगांचा काही संबंध नाही. तो दोष टाकीच्या तोंडावरच्या एनआरव्हीचा, म्हणजे हवा फक्त टाकीकडे जाऊ देणाऱ्या एकदिशी व्हॉल्व्हचा.

काम कसं चालतं ते बघा. मोटर थांबली की प्रेशर स्विचखालचा छोटा अनलोडर व्हॉल्व्ह उघडतो आणि हेडपासून एनआरव्हीपर्यंतच्या नळीतली कोंडलेली हवा सोडून देतो. म्हणून चार-पाच सेकंद फस्स होणं चांगलंच. त्यानंतर नळी रिकामी, पिस्टनवर दाब नाही, पुढच्या वेळी मोटर हलक्या हाताने फिरते. एनआरव्ही नीट बसत नसेल तर टाकीतली हवा त्याच नळीतून मागे येत राहते आणि अनलोडरमधून सुटत राहते. म्हणून आवाज थांबत नाही. नळीत दाब राहिल्यामुळे मोटरला पहिल्याच फेरीत भरलेल्या पिस्टनशी झुंजावं लागतं. ओव्हरलोड पडतो तो त्यामुळे.

खात्री करायला: टाकी ५ बारपर्यंत भरा, मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. (प्रेशर स्विचवरचं मशीन कधीही आपोआप सुरू होतं, बोटं तिथे असली तरी.) टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा. एनआरव्हीपासून प्रेशर स्विचला जाणारी ६ मिमीची बारीक नळी स्विचच्या बाजूने सैल करा. पहिला झोत गेल्यावरही नळीतून हवा येत राहिली तर एनआरव्ही पास करतोय. नळी गप्प आणि आवाज स्विचच्याच अंगातून आला तर स्विचचा डायफ्राम फाटलाय, एनआरव्हीला हात लावू नका. दोन्ही गप्प असूनही काटा उतरला तर साबणाचं पाणी घेऊन ड्रेन कॉक, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि सगळे जोड बघा.

अजून एक: मशीन चालू असताना अनलोडरमधून हवा सुटते का? सुटत असेल तर टाकी उशिरा भरण्याचं थोडं कारण तिथेच आहे. अनलोडरची पिन स्विचच्या पट्टीला नीट लागत नाही किंवा तिच्या सीटवर कचरा आहे.

गेजवाला

वरच्याशी सहमत. उशिरा भरण्याचं मात्र वेगळं मोजा, अंदाजावर जाऊ नका.

टाकी पूर्ण रिकामी, तळातलं पाणी काढलेलं, बाहेरचा कॉक बंद. सुरू केल्यापासून ७ बारला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजा. २२० लिटरच्या टाकीत ७ बार म्हणजे २२० × ७ ÷ १.०१३, साधारण १५२० लिटर मोकळी हवा. त्याला मिनिटांनी भागा, प्रत्यक्ष किती हवा मिळते ते कळेल. तुमची १८ सीएफएम म्हणजे मिनिटाला ५१० लिटर, पण ते डिस्प्लेसमेंट. पाटीवर मोठा आकडा छापायला सगळ्यांनाच आवडतं. धडधाकट टू-स्टेज मशीन त्यातले पाऊण भाग देतं, म्हणजे ३८० च्या आसपास. म्हणजे ७ बारला चार मिनिटं. पाचपर्यंत चालवून घेता येईल, सहाच्या पुढे गेलं तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा.

या दोघांत निवाडा करायला दोन गोष्टी.

ब्रीदर: क्रँककेसच्या ब्रीदरवर (आतली हवा सुटायच्या तोंडावर) तळहात धरा. हलकी धाप लागल्यासारखी हवा येणं ठीक. हात ढकलणारा जोराचा झोत, सोबत ऑइलचा धूर, म्हणजे रिंगा.

इंटरस्टेज दाब: पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरमधल्या इंटरकूलरवर (हवा गार करणाऱ्या नळीवर) एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. मशीन बंद करून, हवा सोडून तो काढा, तिथे टी लावा, टीच्या एका तोंडाला तोच व्हॉल्व्ह परत बसवा आणि दुसऱ्याला ०–६ बारचा गेज. व्हॉल्व्ह काढून नुसता गेज लावायचा नाही, कारण एचपी (इथे हाय प्रेशर, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा) व्हॉल्व्ह अडकला तर इंटरकूलरला दुसरी सुटका नसते. टाकीत ७ बार असताना गणिताने मधला दाब निघतो ८ चं वर्गमूळ उणे १, म्हणजे १.८ बार. प्रत्यक्षात तो दोन सिलिंडरांच्या आकारमानाच्या गुणोत्तरावर ठरतो, म्हणून २ ते २.५ दिसला तरी चिंता नाही. ३ च्या वर गेला तर दुसरा सिलिंडर हवा पुढे ढकलत नाहीये, एचपी बाजूचे व्हॉल्व्ह बघा. दीडच्याही खाली राहिला तर पहिल्याच सिलिंडरचे व्हॉल्व्ह गळतायत. तेव्हा एअर फिल्टर काढून तोंडाशी कागद धरा, सक्शन (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह गळत असेल तर कागद आत-बाहेर फडफडतो.

स्टारडेल्टा

विजेची बाजूही एकदा हातासरशी उरका. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, फोर-पोल मोटरचा पूर्ण लोडचा करंट ४१५ व्होल्टला ७.५ अँपिअरच्या आसपास. नेमका आकडा मोटरच्या पाटीवर. डीओएलला रिले तेवढ्यावरच लावायचा. ट्रिप होतोय म्हणून ९-१० वर चढवणारे वायरमन भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज बघा आणि व्होल्टेज स्टार्टरवर नाही, मोटरच्या टर्मिनलवर घ्या. सुरू होताना सहा-सातपट करंट ओढला जातो, केबल बारीक किंवा कॉन्टॅक्टरचे टिप जळलेले असले तर व्होल्टेज तिथेच पडतं. तिन्ही व्होल्टेजची सरासरी काढा, सर्वांत लांबचा आकडा तिच्यापासून २ टक्क्यांहून जास्त ढळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. व्होल्टेजमधला एवढासा फरक करंटमध्ये कितीतरी पट होऊन दिसतो.

आणि फ्लायव्हीलवरचा बाण. लाइनवर काम झालं असेल आणि फेज उलटे जोडले गेले असतील तरी पिस्टन हवा भरतच राहतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण फ्लायव्हीलचे आरे पंख्याचं काम करतात, उलटे फिरले तर सिलिंडरवर वारा येत नाही आणि हेड तापतं. कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा, झालं.

पट्ट्याचा ताण: दोन पुलींमधल्या अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबा, दर मीटर अंतराला साधारण १६ मिमी लवायला हवा. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकाच वेळी बदला. नवा-जुना जोडी लावली की सगळा भार नव्यावर येतो.

रबाळे_फॅब

सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली.

बारीक नळीतून हवा येतच राहते, म्हणजे एनआरव्ही. मशीन चालू असताना अनलोडर गप्प. शून्य ते ७ बार ६ मिनिटं २० सेकंद. ब्रीदरवर हलकी धाप, धूर नाही. ७ बारला इंटरस्टेज ३.४. मोटरवर व्होल्टेज ४०८, ४०५, ४०२ आणि करंट तिन्ही फेजला ६.८ च्या आसपास. बाण बरोबर. फिल्टरपाशी कागद फडफडत नाही.

गेजवाला

१५२० भागिले ६.३३, म्हणजे मिनिटाला २४० लिटर. डिस्प्लेसमेंटच्या निम्मंसुद्धा नाही. ब्रीदर शांत आणि इंटरस्टेज ३.४, तेव्हा रिंगा निर्दोष. एचपी हेड उघडा. डिस्चार्ज प्लेटवर (हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या पातळ चकतीवर) काळा कडक कार्बन सापडेल, आणि माझा होरा असा की त्याचाच तुकडा सुटून पुढे एनआरव्हीच्या सीटवर बसलाय. दोन तक्रारी, मूळ एक.

मूळ म्हणजे ते इंजिन ऑइल. त्यातले डिटर्जंट आणि डिस्पर्संट काजळी-पाणी तेलातच तरंगत ठेवण्यासाठी असतात. इंजिनाला ऑइल फिल्टर असतो, तिथे ते उपयोगी. कॉम्प्रेसरमध्ये फिल्टर नाही, पाणी तळाशी वेगळं बसायच्या ऐवजी तेलात मिसळून दुधासारखं होतं आणि तापलेल्या डिस्चार्ज व्हॉल्व्हवर ॲडिटिव्हची राख कार्बनसोबत साचते. कार्बनने व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला की तापलेली हवा सिलिंडरमध्ये परत येऊन पुन्हा दाबली जाते, तापमान आणखी चढतं, कार्बन आणखी साचतो. डिस्चार्ज नळीतला जाड थर पेटल्याची उदाहरणं या धंद्यात आहेत, म्हणून नळीही उतरवून आतून बघा.

हेडचं काम: टाकी रिकामी, फ्यूज बाहेर. बोल्ट एकदम न काढता आडवे-तिरपे थोडे थोडे सैल करा. व्हॉल्व्हचे भाग कोणत्या तोंडाने बसलेत त्याचा फोटो काढून ठेवा, सक्शन-डिस्चार्ज प्लेटा उलट बसवल्या तर मशीन हवाच देत नाही. प्लेट आणि स्प्रिंग नवीनच टाका, घासून वापरण्याइतक्या त्या महाग नाहीत. सीटवर रेघा बारीक असतील तर जाड काचेवर ८०० नंबरचा पेपर ठेवून तेल लावून आठाच्या आकारात फिरवा, पूर्ण सीट एकसारखी करडी दिसेपर्यंत. खोल खड्डा असेल तर व्हॉल्व्ह असेंब्लीच बदला.

कार्बन काढायला पेट्रोल, थिनर, रॉकेल वापरू नका. फटीत राहिलेला अंश पहिल्याच फेरीत गरम दाबाखाली जातो, पुढचं सांगायला नको. सुटे भाग गरम साबणपाण्यात भिजवा, पितळी ब्रशने घासा, पूर्ण वाळवा.

गॅस्केट कंपनीच्याच जाडीचं घ्या. शीट कापून बनवलेलं पातळ निघालं तर पिस्टन हेडला लागतो, जाड निघालं तर वरची मोकळी जागा वाढून हवा कमी मिळते. शंका असल्यास पिस्टनवर शिशाची तार ठेवून हेड कसा, फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजून मॅन्युअलशी ताडा. बोल्ट तीन फेऱ्यांत, तिरपे, टॉर्क मॅन्युअलमधला. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर एकदा परत बघा.

हवापाणी_कळवा

एनआरव्हीचं टोपण वरूनच खुलतं, पण आधी काटा शून्यावर आणि ड्रेन कॉक उघडा ठेवूनच पाना लावा. आत डिस्क आणि स्प्रिंग. डिस्कवर गोल चर पडला असेल तर बदला. बदलताना साधी रबरी डिस्क नको, हेडमधून येणारी हवा १५० अंशांच्या घरात असू शकते, त्यामुळे टेफ्लॉन किंवा त्या तापमानाला चालणारंच घ्या. ठाण्यात नाही मिळालं तर मशीद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर जुना नमुना हातात घेऊन जा, नुसतं 'अर्ध्या इंचाचा' सांगून भलताच आटा गळ्यात पडतो. टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपची चिंधीच सीटवर जाऊन बसते.

जुनं ऑइल गरम असतानाच काढा, क्रँककेस पुसून घ्या (चिंधीचे धागे सोडणारं फडकं नको), आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं कॉम्प्रेसर ऑइल भरा. अशा मशीनला बहुतेक व्हीजी १०० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) असतं. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंत, त्याहून वर भरलं तर तेल हवेसोबत गनमध्ये येतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. इंजिन ऑइलची राहिलेली घाण निघावी म्हणून हे पहिलं ऑइल ५०-१०० तासांतच बदला.

पेंटबूथ_वागळे

पाण्याचं मी सांगतो, कारण व्हॉल्व्ह नीट झाले तरी ते येतच राहणार. पावसाळ्यात इथे ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरला २६ ग्रॅम वाफ. मिनिटाला ३०० लिटरने सहा तास मशीन चाललं तर १०८ घनमीटर हवा, म्हणजे पावणेतीन लिटर पाणी आत ओढलं गेलं. ७ बारला ४० अंशांवर त्यातलं पाऊण लिटरही वाफ म्हणून राहू शकत नाही. बाकी दोन लिटर टाकीत किंवा तुमच्या नळीत.

तेव्हा टाकी रोज संध्याकाळी थोडा दाब असतानाच तळातून काढा. पाणी वेगळं करणारा सेपरेटर टाकीला चिकटवून लावलाय का? तिथे हवा अजून गरम असते, वाफ त्यातून सरळ निघून जाते आणि पुढे गार झाल्यावर पाणी होते. तो बूथपाशी लावा, आधी निदान सात-आठ मीटर जीआय पाइप जाऊ द्या, दर मीटरला १ सेंटीमीटर उतार देऊन. गनची लाइन मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने काढून वळवून खाली आणा, आणि शेवटी एक पाइप खाली सोडून त्याला कॉक लावा.

स्प्रेसाठी एवढं पुरतं. पावडर कोटिंग करणार असाल तर रेफ्रिजरेटेड ड्रायरशिवाय पावसाळ्यात निभाव नाही.

रबाळे_फॅब

एचपी हेड उघडलं. डिस्चार्ज प्लेटवर कार्बनचा थर, एक कड उडालेली, आणि एनआरव्हीच्या सीटवर तिळाएवढा काळा तुकडा. प्लेटा, स्प्रिंग, गॅस्केट, एनआरव्ही आणि ऑइल बदललं. आता ७ बारला ४ मिनिटं १० सेकंद, इंटरस्टेज २.२, बंद झाल्यावर फस्स तीन-चार सेकंदच. ६ बारला आपोआप सुरू होतो, रिले पडत नाही.

एक शंका: प्रेशर स्विच ९ ला बंद केला तर चालेल का? पाटीवर १० लिहिलंय.

हवापाणी_कळवा

चालेल, पण गरज काय? गनला रेग्युलेटरनंतर ३-४ बार पुरतात. दाब वाढवला की वीज आणि हेडची उष्णता दोन्ही वाढतात. उलट ७.५ ला बंद, ५.५ ला चालू करा. मोठा नट फिरवला की दोन्ही आकडे एकत्र सरकतात, छोटा नट फक्त अंतर बदलतो, म्हणून आधी मोठा लावून मग छोटा. अंतर दीड बारच्या खाली आणू नका, मोटर सारखी चालू-बंद होत राहील.